हँडओव्हर झालं, टेकओव्हर नाही

आम्ही चिंच फोडत बसलो होतो. पत्र्याखाली उकडत होतं म्हणून बाहेर लिंबाच्या सावलीत पोतं अंथरलं होतं. माझी बायको सुंदरा दगडावर चिंच ठेवून बत्ता मारायची, मी टरफल काढून चिंचोके वेगळे टाकायचो. तेवढ्यात पुण्याहून पोराचा फोन आला. म्हणाला, "बाबा, फ्लॅटचं हँडओव्हर झालं." मी फोन तिच्या कानाला लावला.

ती म्हणाली, "हँडओव्हर झालं ते झालं. टेकओव्हर केलं का तू? किल्ली हातात हाय का?"

पोरगा म्हणाला, "किल्ली पुढच्या आठवड्यात देतो म्हणालेत."

"मंग काय झालं रे मर्दा? कायच न्हाई झालं."

फोन ठेवायच्या आधीच आम्ही दोघं लई हसलो. हसता हसता तिनं एक बत्ता चिंचेवर मारायचा तो माझ्या अंगठ्यावर मारला. संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. किल्लारीहून दवाखान्याची जीप येईपर्यंत ती गेली.

आम्ही का हसलो ते पोराला कळलं नाही. ती गोष्ट माझ्या नोकरीतली आहे. मी चौथी शिकलो, लिहायची सवय नाही. पण ही गोष्ट पुरती माहीत असलेलं दुसरं माणूस आता राहिलं नाही. म्हणून लिहितो.

मी हापशाचा मिस्त्री होतो. सरकारी पाणी खात्यात हातपंप दुरुस्तीचं एक पथक असायचं, त्यात. हापसा म्हणजे लोकांना वर दिसतो तो दांडा आणि पाण्याचं तोंड. पण ते नुसतं मुंडकं. खरा हापसा जमिनीखाली असतो. एकाला एक पाईप जोडत खाली गेलेली लाईन असते. तिच्या पोटातून लोखंडी सळई जाते. सगळ्यात खाली एक नळकांडं असतं, त्याला सिलिंडर म्हणायचं. तो सिलिंडर पाण्यात बुडालेला पाहिजे. पाणी त्याच्या खाली गेलं की तुम्ही दिवसभर दांडा हलवा, नुसती हवा येते. मग लाईन वर उचलायची, आणखी पाईप जोडायचे आणि सिलिंडर खाली सोडायचा. याला आम्ही 'पाईप वाढवणं' म्हणायचो. साधं काम आहे. पाईप मात्र पाहिजेत.

आमच्या कामात इंग्रजी शब्द लई. आणि ते सगळे एकाच साच्यातले. ब्रेक म्हणजे मोडणं, डाऊन म्हणजे खाली. दोन्ही जोडले की झालं ब्रेकडाऊन. म्हणजे बंद पडणं. मग त्या शब्दाची वस्तूच होते. "आज दोन ब्रेकडाऊन आहेत." "मिस्त्री ब्रेकडाऊनवर गेलाय." "ब्रेकडाऊन काढला का?" तसंच चेकअप. हापसा चालू असताना उघडून बघणं. तसंच हँडओव्हर. हँड म्हणजे हात. हातातलं दुसऱ्याच्या हवाली करणं. आणि टेकओव्हर म्हणजे दुसऱ्यानं ते ताब्यात घेणं.

मी घरी येऊन हे शब्द बोलायचो आणि सुंदरा मध्येच टोकायची. ती मुखेडची. माहेरी हसून बोलायची चाल नव्हती, भांडून बोलायची होती. मी म्हणायचो, "आज एका हापशाचा ब्रेकडाऊन झाला." ती म्हणायची, "मोडला म्हणा की. कुणी मोडला?" मी म्हणायचो, "ब्रेकडाऊन आपोआप होतो." तर म्हणायची, "तुमच्या हापिसात सगळंच आपोआप होतंय. मोडतंय बी आपोआप. दुरुस्त तेवढं होत न्हाई आपोआप."

तेव्हा मी हसण्यावारी न्यायचो. पण पुढं माझ्या ध्यानात आलं, बाई खोटं बोलत नव्हती. आपल्यात 'दिलं' म्हणलं की ऐकणारा विचारतो, कुणी दिलं? कुणाला दिलं? 'हँडओव्हर झालं' म्हणलं की कुणी काही विचारत नाही. काम राहतं, करणारा त्यातून निघून जातो. साहेब लोकांना हे शब्द का आवडतात ते मला त्या साली कळलं.

त्या साली पाऊस नव्हता. आदल्या सालीही नसल्यासारखाच होता. आणि त्यातच आमचा जिल्हा फुटला, नवा जिल्हा झाला. लातूरला फटाके वाजले. पेढे वाटले. आमच्या वाडीच्या शेजारून एक ओढा जातो. ओढ्याच्या पलीकडं जुना जिल्हा राहिला, अलीकडं नवा झाला. आमची वाडी नव्यात आली. माझं ऑफिस आणि पाईपांचं स्टोअर पलीकडं, जुन्यात राहिलं.

आमच्या वाडीत निळ्या झेंड्याच्या कट्ट्यापाशी एकच हापसा. जिल्हा फुटायच्या जरा आधी त्यानं हवा मारायला सुरुवात केली. मीच उघडला. दोरीला नट बांधून बोअरमध्ये सोडला. दोरी खालच्या टोकाला ओली होऊन आली. पाणी होतं. सिलिंडरच्या थोडं खाली गेलं होतं, एवढंच. दोन पाईप वाढवले की भागत होतं. मी रिपोर्ट दिला, साहेबांनी मंजूर केला. दोन पाईप आणि सळया स्टोअरच्या भिंतीला बाजूला उभ्या करून ठेवल्या. आणि तेवढ्यात वरून हुकूम आला. अलीकडचे सगळे हापसे, त्यांच्यासाठी मंजूर झालेल्या सामानासकट, हँडओव्हर.

माझे साहेब काझी साहेब. उंच माणूस, पान खायचे, आवाज मऊ. मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "साहेब, दोन पाईप टाकून घेतो वाडीच्या हापशाला."

"मिस्त्री, तो हापसा आता आपला राहिला नाही. हँडओव्हर झालं."

"पाईप तर इथंच हायत."

"पाईपपण हँडओव्हर झाले. कागदावर गेले. दुसऱ्या जिल्ह्याच्या हापशावर मी काम दाखवू कसं? उद्या ऑडिटवाला मला विचारेल."

मी सायकल मारत नव्या ऑफिसला गेलो. तिथले साहेब बिराजदार साहेब, उदगीरकडचे, नवे नवे लागलेले. ऑफिस म्हणजे भाड्याचं गोदाम. खुर्ची आली नव्हती. साहेब खोक्यावर बसून काम करत होते. मला बघून उठले. खोक्यावरून उठून मिस्त्रीला 'बसा' म्हणणारा तो मी बघितलेला एकमेव साहेब.

म्हणाले, "मिस्त्री, मला हुकूम आहे, चालू हापसेच टेकओव्हर करायचे. बंद हापसा मी घेतला तर वरचे म्हणतील, बंद होता तर घेतलास कशाला? तुमच्या जुन्या साहेबांना सांगा, चालू करून द्या. मी त्याच दिवशी घेतो."

काझी साहेब म्हणत होते दिलं. बिराजदार साहेब म्हणत होते घेतलं नाही. दोघंही खोटं बोलत नव्हते. आणि माझंही तसंच झालं होतं. माझं घर नव्या जिल्ह्यात, म्हणून जुन्या ऑफिसनं मला सोडल्याचा कागद काढला होता. नव्या ऑफिसात माझी जागा अजून मंजूर नव्हती. मी रोज जुन्या ऑफिसच्या आवारात जाऊन पाईपांच्या बाजूला बसायचो आणि संध्याकाळी परत यायचो. माझ्याच दारातला हापसा, आणि हात लावला तर सरकारी मालाला हात लावला म्हणून चौकशी.

वाडीतल्या बाया अप्पांच्या मळ्यातल्या विहिरीवर जात होत्या. विहीर खोल, पायऱ्या अर्ध्या ढासळलेल्या. खालची बाई घागर भरून वरचीच्या हातात द्यायची, ती तिच्या वरचीच्या. अप्पा भला माणूस. पण तेही एक दिवस कट्ट्यावर येऊन म्हणाले, "पुढच्या बाजारापर्यंत भरा. त्याच्या पुढं माझ्या गुरांना बी पुरणार न्हाई. मला तोंडावर नाही म्हणायला लावू नका."

त्या दिवशी वाडीत दोन घरांनी गाठोडी बांधली. सुंदरानं पोरांचे कपडे पिशवीत भरले.

मी विचारलं, "कुठं निघालीस?"

"मुखेडला. आईकडं."

"तिथं तरी कुठं पाणी हाय?"

"तिथं हापसा बंद पडला तर तो कुणाचा हाय ते तरी म्हाईत हाय."

"आन् मी?"

"तुमी बसा पाईपाजवळ. तुमी बी हँडओव्हर झालाव न्हवं?"

मला राग आला. बाजार गेला की ती जाणार, तिच्यामागं बाकीची घरं उठणार. हापशाच्या मिस्त्रीची बायको पाण्यावाचून वाडी सोडून गेली म्हणल्यावर दुसरं कोण थांबणार?

शेजारची कोंडाबाई तोडगा घेऊन आली. "मिस्त्री, चार घागरी बोअरमधी वता. साहेबाला बोलवा. साहेब हापसल, पाणी येईल. चालू हापसा!"

सुंदरा म्हणाली, "आन् साहेब गेल्यावर काय, साहेबाला वतायचं?"

तरी मी दोन्ही साहेबांना एकाच दिवशी वाडीत बोलावून आणलं. दोन जीपा आल्या, हापशाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. काझी साहेबांनी दांडा हलवला. फस फस हवा आली. बिराजदार साहेबांनी हलवला. तेवढीच हवा आली. मग दोघं सावलीला उभे राहून अदबीनं वाद घालू लागले.

"साहेब, माझ्याकडून हँडओव्हर पूर्ण आहे."

"मान्य आहे काझी साहेब. पण टेकओव्हर बाकी आहे."

"ते तुमच्याकडं."

"चालू स्थितीत असेल तर माझ्याकडं."

सुंदरा घागर घेऊन विहिरीकडून येत होती. थांबली. घागर कमरेवर, पदर तोंडात धरलेला. मला वाटलं आता ही काहीतरी बोलणार, आणि ती बोललीच. "साहेब, मला अडाणी बाईला एक सांगा. ह्यानं दिलंय म्हणता. त्यानं घेतलं न्हाई म्हणता. मंग आता आमी कुटं हाव? मधीच का?"

बिराजदार साहेब खाली बघू लागले. म्हणाले, "बाई, तुमचं चूक नाही."

"चूक न्हाई हो. पाणी बी न्हाई."

काझी साहेब पान चघळायचे थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मिस्त्री, तुझा रिलीव्हचा कागद निघाला ना?"

"निघाला साहेब."

बिराजदार साहेबांकडं वळून म्हणाले, "तुम्ही याला जॉइन करून घेतलंय?"

"अजून नाही."

"म्हणजे हा माझा माणूस नाही. तुमचाही नाही. ते दोन पाईप माझे राहिले नाहीत, तुमचे झाले नाहीत. हापशाचं तेच. आता बघा भई, मधल्या माणसानं मधले पाईप मधल्या हापशाला बसवले, तर चौकशी कोण कुणाची करणार?"

बिराजदार साहेब म्हणजे नवा माणूस, नोकरी नवी. त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता. हापशाकडं बघितलं, सुंदराकडं बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. म्हणाले, "मला कानाला जरा कमी ऐकू येतं. मी परवा पाहणीला येतो. हापसा चालू दिसला तर घेतो. कसा चालू झाला ते मी विचारणार नाही."

"मी सांगणार नाही," काझी साहेब म्हणाले. जाताना मला हळूच म्हणाले, "तिपाई आणि क्लँप घेऊन जा. ते मात्र माझेच आहेत. परत आण."

दुसऱ्या दिवशी मी बैलगाडीतून पाईप ओढ्याच्या अलीकडं आणले. आता माणसं पाहिजे होती. तिपाईच्या दोरीनं लाईन वर ओढायची आणि क्लँपच्या चिमट्यानं ती धरून ठेवायची, म्हणजे जोर लागतो. आणि वाडीतले गडी सगळे रोजगार हमीच्या तलावावर माती टाकायला गेलेले. पथकाला हाक मारावी तर पथक जुन्या जिल्ह्याचं.

सुंदरा म्हणाली, "बाया हायत की."

खरं सांगतो, मला भरवसा नव्हता. आमच्या कामात सगळ्यात मोठा धोका एकच. लाईन वर घेताना एकानं पकड सोडली आणि दुसऱ्याची बसली नसेल, तर सगळी लाईन बोअरमध्ये जाते. मग तो बोअर कायमचा गेला. पथकातल्या जुन्या गड्यांच्या हातूनसुद्धा अशा लाईनी गेलेल्या मी बघितल्या. घाईत एक म्हणतो 'सोडलं' आणि दुसरा अजून 'थांब' म्हणत असतो.

बाया उभ्या राहिल्या. तिपाईच्या दोरीला कोंडाबाई आणि दोघी, क्लँपच्या दांड्यांना सुंदरा आणि तिची जाऊ. मी पान्हा घेऊन मधे. लाईन वर येऊ लागली आणि मी ऐकलं, सुंदरा म्हणाली, "धरलं का?" समोरून जाऊ म्हणाली, "धरलं." मग हिनं सोडलं. पुढच्या पाईपला परत. "धरलं का?" "धरलं." कुणी शिकवलं नव्हतं. रोज त्या ढासळत्या पायऱ्यांवर भरलेल्या घागरी अशाच वर यायच्या. खालची बाई वरचीचं 'धरलं' ऐकल्याशिवाय बोट काढत नव्हती. काढलं असतं तर घागर गेली असती आणि खाली उभ्या बाईचं डोकंही.

मी एवढी वर्षं हँडओव्हर, टेकओव्हर हे दोन शब्द दोन ऑफिसांत, दोन कागदांवर, दोन तारखांना बघितले होते. बायांच्या हातात ते एकाच वेळी होत होतं. मधे जागाच नव्हती.

एकदा क्लँप घसरला. चर्र आवाज झाला, लाईन खाली सरकू लागली. कोंडाबाईनं दोरी कमरेला गुंडाळली आणि ती तशीच मागं बसली, जमिनीवर, शिव्या देत. शिव्या लाईनला होत्या, बोअरला होत्या, दोन्ही जिल्ह्यांना होत्या. लाईन थांबली. मी क्लँप परत आवळला. सुंदराचा एक हात सोलून निघाला होता. तिनं तो पदराला पुसला आणि म्हणाली, "बघत काय ऱ्हायलाव? पान्हा मारा."

दोन पाईप जोडले, सळया जोडल्या, लाईन खाली सोडली, मुंडकं बसवलं. कोंडाबाईनं दांडा धरला. आधी हवा. मग खोकल्यासारखा आवाज. मग लाल गढूळ पाणी. बायांनी हापसणं थांबवलं नाही. पाणी स्वच्छ होईपर्यंत कुणी घागर लावली नाही, आणि स्वच्छ झाल्यावर कुणी रांग लावली नाही. नुसती झुंबड. सुंदरा लांब उभी होती, सोललेला हात बादलीतल्या पाण्यात बुडवून.

ठरल्या दिवशी बिराजदार साहेब आले. दांडा हलवला. ओंजळ लावून पाणी प्यायले, तोंड धुतलं. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून टेकओव्हर लिहिलं. सुंदराला म्हणाले, "बाई, आता घेतलं आम्ही तुम्हाला."

ती म्हणाली, "घेतलंय तर नीट धरा."

पोरांचे कपडे पिशवीतून परत दांडीवर गेले. अप्पांनी विहिरीच्या पायऱ्यांना फळी लावून वाट बंद केली, आणि स्वतःच्या पिण्याचं पाणी आमच्या हापशावरून नेऊ लागले. माझी जॉइनिंग ऑर्डर पुढं कधीतरी आली. दोन पाईप कुठं गेले म्हणून विचारणारा मला निवृत्त होईपर्यंत कुणी भेटला नाही. तिपाई आणि क्लँप मी काझी साहेबांना परत केले.

यातून शिकण्यासारखं एवढंच. कुणी तुम्हाला सांगितलं की अमकं झालं, आणि तो शब्द दोन इंग्रजी शब्द जोडून केलेला असला, तर विचारा की ते करणारा कोण आणि घेणारा कोण. नाव सांगता आलं नाही तर ते अजून झालेलं नाही. नोकरीत मला याचा उपयोग झाला. नोकरीच्या बाहेर कमी झाला. परवा दवाखान्याच्या माणसानं ती गेल्याचा कागद हातात दिला आणि तसलाच एक जोडलेला इंग्रजी शब्द म्हणाला. मी विचारलं नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाट फुटल्यावर उठलो. मुखेडची माणसं दुपारपर्यंत येणार होती, पोरगा पुण्याहून निघाला होता. एवढ्या माणसांना पाणी लागणार. वाडीत आता नळ आहे, पण नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही. मी पान्हा आणि ग्रीसचा डबा घेऊन कट्ट्यापाशी गेलो. मुंडक्याचं झाकण उघडलं. आतली, सळई ओढणारी साखळी कोरडी पडली होती. ग्रीस लावलं, दांड्याचा बोल्ट आवळला. कोंडाबाईची सून घागर घेऊन आली. मला बघून तिथंच थबकली. म्हणाली, "मिस्त्रीमामा, आज कशाला? आज राहू द्या की."

मी म्हणालो, "घागर लाव."

तिनं लावली. मी हापसलं. पाणी आलं. तिची भरली, मग मी घरातून दोन घागरी आणल्या, भरल्या आणि दारात नेऊन ठेवल्या. मग हात धुतले आणि आत जाऊन तिच्याजवळ बसलो.